परत आलेली मेंढी दोनदा मोजत नाहीत

क्लेम हॅनिगनला आमच्या मलेनडेलमध्ये कुणी कधी श्रीमंत म्हटलं नाही, हुशार म्हटलं नाही, आणि देखणा तर त्याच्या आईनेही म्हटलं नसेल. पण मेंढरं मोजावीत तर क्लेमने, हे मात्र त्याच्याशी भांडलेला माणूसही कबूल करायचा.

सप्टेंबरच्या बाजारात हजारो मेंढ्या एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात हाकतात. मधे एक अरुंद फाटक असतं आणि त्या फाटकाशी क्लेम उभा. डावा हात खांबावर, उजव्या हाताची दोन बोटं मांडीपाशी हलताहेत, टोपी नाकापर्यंत ओढलेली. तीन-तीनच्या हिशेबाने तो मोजायचा आणि शंभर झाले की डाव्या खिशातली एक काडी उजव्या खिशात टाकायचा. कळप संपला की एकच आकडा बोलायचा. विकणारा मान डोलवायचा, घेणारा मान डोलवायचा आणि मेंढ्या ट्रकमध्ये चढायच्या. चव्वेचाळीस वर्षांत त्याच्यामागे कुणी कळप पुन्हा मोजून घेतला नव्हता. घर भाड्याचं, गाडी जुनी, गुडघे कामातून गेलेले. त्याची इस्टेट काय ती एवढीच.

आणि ही इस्टेट मी, म्हणजे ग्वेन पास्कोने, एका बेरजेने जवळजवळ बुडवली. तेव्हा ही हकीकत मीच सांगितलेली बरी. दुसरं कुणी सांगेल तर मला फार सांभाळून घेईल.

मी तेव्हा काउन्सिलच्या कचेरीत कारकून होते. बावीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली. त्या बावीस वर्षांतली शेवटची सहा एकाच भांडणात गेली, ते म्हणजे काउन्सिल आणि आमच्या गावचं विद्यापीठ यांचं हमरस्त्याचं भांडण. हमरस्ता आमच्या बाजारपेठेतूनच जातो. गव्हाचे ट्रक, मेंढ्यांचे ट्रक, औषधवाल्याच्या काचा दिवसभर थरथरतात. सिडनीहून सरकारचं पत्र आलं होतं की तुम्हाला गावाबाहेरून रस्ता देऊ, पण तो कुठून न्यायचा हे तुम्ही आणि विद्यापीठ दोघांनी मिळून सांगा. मिळून! ज्याने ते पत्र लिहिलं तो मलेनडेलला कधी आलेला नसणार.

काउन्सिलचं म्हणणं, रस्ता उत्तरेकडून न्या, लहानसा पुरे. उत्तरेला विद्यापीठाचं शेत आहे. विद्यापीठाचं म्हणणं, रस्ता दक्षिणेकडून न्या, चांगला चौपदरी. दक्षिणेला आमच्या तीन काउन्सिलरांची कुरणं आहेत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, तसं आपली ती जमीन आणि दुसऱ्याचं ते माळरान. आता लहान रस्ता पुरे की चौपदरी हवा, हे ठरणार गाड्या किती जातात त्यावर. म्हणजे सहा वर्षांचं भांडण शेवटी एका आकड्यावर येऊन टेकलं.

काउन्सिलकडे गाड्या मोजायची रबरी नळी होती. ती रस्त्यावर आडवी टाकायची, चाक गेलं की नोंद होते. आम्ही ती मंगळवारी संध्याकाळी टाकली आणि बुधवारी पहाटे काकाकुव्यांनी तिचे तुकडे केले. पांढऱ्या काकाकुव्यांचा अख्खा थवा टपाल कचेरीच्या पत्र्यावर बसून रबर चघळत होता. आमचा नगराध्यक्ष ट्रेव्हर ब्लायथ, धंद्याने खाटीक, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "क्लेमला बोलवा. दहा हजार मेंढ्या मोजतो, त्याला गाड्या जड आहेत का?"

पुढच्या बुधवारी क्लेमने सकाळी सहा ते संध्याकाळी सहा टपाल कचेरीच्या ओसरीवर घडीची खुर्ची टाकून गाड्या मोजल्या. संध्याकाळी माझ्या टेबलावर एक चिठोरं आणून ठेवलं. त्यावर एकाखाली एक दोन आकडे होते, ६४० आणि ५८८. मला घरी जायची घाई होती. मला वाटलं, एक सकाळचा आणि एक दुपारचा. मी बेरीज केली, अहवालात १,२२८ लिहिलं आणि दिवा मालवून घरी गेले. विचारायला काय जात होतं? पण कारकुनाला आकडा दिसला की त्याची बेरीज करायचा मोह होतो.

एप्रिलमध्ये सभा झाली. सगळं गाव हॉलमध्ये जमलं होतं, एका टेबलावर चहाची टाकी, सॉसेज रोल आणि खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक. ट्रेव्हरने छाती काढून वाचलं, "दिवसाला एक हजार दोनशे अठ्ठावीस गाड्या. एवढ्यासाठी चौपदरी रस्ता हवाय कुणाला?"

विद्यापीठाकडून डॉक्टर फिलिपा नॉक्स उभ्या राहिल्या. संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका, सायकलवरून आलेल्या, पायाला विजार आवळायचा चाप अजून तसाच. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही त्याच बुधवारी खांबाला पेटी लावली होती. ती प्रत्येक गाडीचा फोटो काढते. तेच बारा तास. चार हजार एकशे सहा."

हॉलमध्ये हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "चारातल्या तीन गाड्या क्लेमच्या डुलकीत गेल्या वाटतं!"

आता ट्रेव्हरने काय करावं? तो म्हणाला, "मोजणी क्लेमवर सोपवली होती, काउन्सिलचा त्यात काही संबंध नाही." काउन्सिलने नेमलेला माणूस, काउन्सिलच्याच कामावर, आणि संबंध नाही. मी ते वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं, कारण माणसाला आपली वाक्यं नंतर वाचायला मिळावीत असं मला वाटतं.

मग साक्षी सुरू झाल्या. आमच्याकडे रस्त्यात समोरून कुणी आलं की गाडीच्या स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. एवढाच नमस्कार, पण तो न परतवणं म्हणजे भांडण असल्यासारखं. एक जण उठून म्हणाला, "मी त्याला दोनदा बोट दाखवलं. ढिम्म हलला नाही." दुसरा म्हणाला, "मी तर हॉर्न वाजवला." अशा सात साक्षी झाल्या. टोपी नाकावर, हाकेला ओ नाही, म्हणजे माणूस झोपलेलाच असणार. मेंढ्या मोजताना मोजणारा वर बघत नाही, बोलत नाही, हे त्या सातांतल्या पाच जणांना जन्मापासून ठाऊक होतं. पण हसायला मिळालं की माणूस ठाऊक असलेलंही विसरतो.

क्लेम चहाच्या टाकीशी उभा होता. हातातला सॉसेज रोल त्याने परत ताटलीत ठेवला, अर्धा खाल्लेला. टोपी घातली आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी कीथ मॉर्फेट, जो मेंढ्यांचा बाजार भरवतो, त्याने क्लेमला रस्त्यात गाठून म्हटलं, "यंदा जरा आराम कर, क्लेम. गुडघे सांभाळ. फाटकाशी दुसऱ्या कुणाला उभं करतो." हे मला क्लेमच्या बायकोने, बेरिलने, किराणा दुकानात सांगितलं. सांगताना ती बटाटे निवडत होती आणि एकेक बटाटा असा आपटत होती की दुकानदार बघायला लागला.

"घरात नुसता बसून असतो," ती म्हणाली. "दात काढायला न्यावं तसा चेहरा. चव्वेचाळीस वर्षं त्याला कुणी विचारलं नाही, बरोबर मोजलंस का म्हणून. आता स्वतःच स्वतःला विचारतोय."

मला ते लागलं. खरं सांगायचं तर त्या चिठोऱ्याची मला आठवणही नव्हती, नुसतीच चुटपुट लागली होती. शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. क्लेम मागच्या अंगणात टोमॅटोचे वाळलेले वेल उपटत होता.

"क्लेम, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की. सगळं गाव विचारतंय."

"तू झोपला होतास का?"

"ग्वेन, मी बारा तासांत एकदा लघवीला गेलो, तेही रस्ता मोकळा बघून."

"मग आकडा इतका कमी कसा? ट्रेव्हरच बघ. त्याची ती लाल पिकअप दिवसभर इकडून तिकडे पळत असते."

"त्या दिवशी अकरा वेळा गेली," क्लेम म्हणाला.

"मग त्या अकरा कुठे आहेत?"

क्लेमने वेल खाली टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच काहीतरी बिघडलंय. "गावात अकरा ट्रेव्हर आहेत का? एकच आहे, आणि तोही जास्त होतो."

मी तिथल्या उलट्या बादलीवर बसले. तो समजावून सांगायला लागला, लहान मुलाला सांगावं तसं. फाटकातून मेंढी गेली, की एक. ती बिथरून परत आली आणि पुन्हा गेली, तरी एकच. परत आलेली मेंढी दोनदा मोजली तर घेणाऱ्याला नसलेल्या मेंढीचे पैसे द्यावे लागतील. हे पहिल्या दिवशी शिकवतात. आणि कळपात परक्या खुणेची मेंढी शिरली असेल तर ती वेगळी मोजायची, आपल्यात धरायची नाही.

"म्हणून तुला दोन आकडे दिले ना," तो म्हणाला. "सहाशे चाळीस आपल्या. पाचशे अठ्ठ्याऐंशी परक्या, ज्या नुसत्या गावातून पार होऊन गेल्या. त्यातले चारशेच्या वर ट्रक."

मी बादलीवरून उठले. "क्लेम, मी त्यांची बेरीज केली."

"आपल्या आणि परक्यांची?" त्याने विचारलं. राग नव्हता त्याच्या आवाजात, नुसतं आश्चर्य होतं. मेंढ्या आणि कोंबड्या मिळून किती असं कुणी विचारल्यावर वाटावं तसं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बेरिलचा आवाज आला, "मी म्हटलं नव्हतं, हा कचेरीचा घोळ असणार? चल, टोपी घाल. आत्ता जायचं त्या डॉक्टरीणबाईंकडे."

"मी नाही येत. त्यांच्या पेटीने फोटो काढलेत."

"मग ते फोटो बघू. तुझा फोटो तर नाही ना काढला झोपलेला?"

शनिवार असूनही डॉक्टर नॉक्स विद्यापीठात होत्या. आम्ही तिघं आत शिरलो, तेव्हा त्यांना वाटलं भांडायला आलो. मी आधी माझी बेरीज कबूल केली. मग क्लेमने आपली रीत सांगितली, टोपी हातात फिरवत, जमिनीकडे बघत. बाई हसतील अशी मला भीती होती. त्या हसल्या नाहीत. त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "थांबा. तुम्ही गावच्या गाड्या आणि बाहेरच्या गाड्या वेगळ्या केल्यात? नुसतं बघून?"

"खुणा बघून," क्लेम म्हणाला. "मेंढीच्या कानावर असते, गाडीची तिच्या आवाजात असते."

"बारा तास? एकट्याने?"

"जेवायला हिने सँडविच आणलं होतं."

बाईंनी आमच्यासमोरच काम काढलं. पेटीने टिपलेल्या सगळ्या नंबरपाट्या संगणकाला दिल्या आणि सांगितलं, एक पाटी एकदाच धर. चहा झाला, बिस्किटं झाली. पेटीचा आकडा आला १,२३१.

क्लेमचा चेहरा पडला. "तीन कमी," तो म्हणाला. "तीन चुकलो."

तीन हजारांच्या फरकावरून गावाने त्याला फाडून खाल्लं होतं आणि हा माणूस तिनावरून कासावीस. बेरिलने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो काही हलला नाही. "कोणत्या तीन? दाखवा," म्हणाला.

बाईंनी शोधायला पाऊण तास घेतला. पहिल्या फोटोत मॅक्सीन डॉइग होती, नव्याकोऱ्या पांढऱ्या पिकअपमध्ये. "ही त्या दुपारी नवी गाडी घेऊन आली," क्लेम म्हणाला. "सकाळी जुनी हिरवी होती. बाई तीच." दुसरा आणि तिसरा फोटो बघून तर तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "हे ट्रेलर आहेत, डॉक्टरीणबाई. यांना वेगळी पाटी असते खरी, पण ट्रेलर म्हणजे शेपूट. शेपटं कोण मोजतं?"

डॉक्टर नॉक्सनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझ्या पेटीने मोजली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कागद ओढला आणि जे सहा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं ते पाच मिनिटांत लिहून काढलं. चार हजार एकशे सहा फेऱ्यांतल्या साडेतीन हजार आपल्याच सहाशे चाळीस गाड्यांच्या. म्हणजे आपल्यातला प्रत्येक जण दिवसातून साडेपाच वेळा टपाल कचेरीवरून जातो, दूध विसरलं म्हणून, चष्मा विसरला म्हणून, आणि ट्रेव्हर तर कशासाठी ते त्यालाच ठाऊक. यांच्यासाठी गावाबाहेर कितीही सुंदर रस्ता बांधा, ते त्यावरून जाणार नाहीत. बाहेर काढायचे ते पाचशे अठ्ठ्याऐंशी, आणि त्यातही मुख्यतः ट्रक.

"ट्रक कुठून कुठे जातात?" त्यांनी विचारलं.

"गव्हाच्या कोठारांपासून हमरस्त्याला. नाही तर बाजाराच्या कुंपणापासून हमरस्त्याला," क्लेम म्हणाला. "जुन्या रेल्वेच्या पट्टीवरून नेले तर पुरे. तीस वर्षांत तिथून गाडी गेली नाही. नुसते ससे आहेत."

ती पट्टी उत्तरेलाही नव्हती आणि दक्षिणेलाही नव्हती. विद्यापीठाच्या शेतात नव्हती, काउन्सिलरांच्या कुरणात नव्हती. म्हणूनच ती सहा वर्षांत कुणाला दिसली नव्हती. ज्यात आपलं काही जात नाही तिकडे माणसाचं लक्ष जात नाही.

जुलैत दुसरी सभा झाली. आमच्याकडे जुलै म्हणजे हिवाळा; बाहेर कडाक्याची थंडी, आत तेच टेबल, तीच टाकी. डॉक्टर नॉक्सनी सगळं उलगडून सांगितलं, आणि क्लेमचं नाव प्रत्येक वळणावर घेतलं. ट्रेव्हर अकरा फेऱ्यांचं ऐकून लाल झाला, पण तोही शेवटी म्हणाला की रेल्वेच्या पट्टीला काउन्सिलची हरकत नाही. विद्यापीठाचीही नव्हती. सहा वर्षं आणि ठराव चार ओळींचा.

मग ट्रेव्हर ऐटीत म्हणाला, "ग्वेन, लिही. क्लेम हॅनिगन यांची मोजणी बरोबर होती असं ही सभा नोंदवते."

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत क्लेम उभा राहिला. त्याला सभेत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि कुणीच पाहिलं नसावं.

"ते नको लिहू," तो म्हणाला. "मला गाड्या मोजायला सांगितलं होतं. मी गावकरी मोजले. विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आकडा बरोबर आहे, पण जे मागितलं ते दिलं नाही. चूक लिही."

मला राहवलं नाही. "आणि दोन आकड्यांची बेरीज मी केली," मी म्हटलं, "तीही लिहिते." लिहिताना कागद नीट दिसत नव्हता, कारण मी रडत होते, आणि ते लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

"दोन ट्रेलर," डॉक्टर नॉक्स म्हणाल्या. "आमच्याकडून."

ट्रेव्हरने टेबलावर बोटं वाजवली, छताकडे पाहिलं. "एप्रिलच्या सभेत मी काहीतरी बोललो होतो ना, संबंध नाही वगैरे?"

"सोळाव्या पानावर आहे," मी म्हटलं.

"तेही घाल मग."

झोपला होता म्हणणाऱ्यांतले चौघं उठले, पाचवा जागेवरूनच पुटपुटला. एवढ्या चुका मलेनडेलच्या इतिवृत्तात एका दिवसात कधी नोंदल्या गेल्या नव्हत्या, आणि इतकी आनंदी सभाही मी पाहिली नव्हती.

कीथ मॉर्फेट मागच्या भिंतीशी उभा होता. सगळ्यांचं झालं तरी तो हलेना. लोक चहाकडे वळले तेव्हा तो खुर्च्यांमधून वाट काढत क्लेमपाशी आला. माझं टेबल दोन हातांवर होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"चौदा सप्टेंबरला बाजार आहे," कीथ म्हणाला. "नऊ हजार येतील."

"ऐकलंय."

"ज्याला उभा करणार होतो, तो पोरगा यंत्र आणतो म्हणतोय."

"यंत्र चांगलं असतं," क्लेम म्हणाला. "डॉक्टरीणबाईंचं फार चांगलं आहे."

कीथने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मी चुकलो, क्लेम. माझं नाव त्या कागदावर नाही, पण सगळ्यात मोठी चूक माझी. त्यांनी तुला एक दिवस पाहिलं होतं. मी वीस वर्षं पाहतोय."

क्लेमने तोंड फिरवून भिंतीकडे पाहिलं. बेरिल त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"किती वाजता उघडतोस फाटक?" त्याने शेवटी विचारलं.

"सहाला."

"मी साडेपाचला येतो," क्लेम म्हणाला. "आणि कीथ, पहिला कळप माझ्यामागे कुणाकडून तरी पुन्हा मोजून घे. सगळ्यांसमोर."

"काही गरज नाही रे."

"तुला नसेल," क्लेम म्हणाला. "मला आहे."